विभागासाठी संगणक घेताना : विनिर्देशांचा विचार

मार्च महिना जवळ आला म्हणजे विद्यापीठांतील बऱ्याच विभागांत एक ठरलेला प्रकार घडतो. अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्ची पडावयाचे असते. खरेदी समितीची बैठक घाईने बोलाविली जाते. आणि नव्या संगणकाचे विनिर्देश कोणी लिहावयाचे असा प्रश्न निघाला की गतवर्षीची निविदा बाहेर काढून तीतील एक-दोन आकडे वाढविले जातात. यंत्र येते, डेड स्टॉक रजिस्टरात त्याची नोंद होते आणि पुढील सात-आठ वर्षे विद्यार्थी त्यावर काम करतात. त्या काळात यंत्राने किती वेळ वाया घालविला हे कोणी मोजीत नाही. परंतु वेळेपेक्षाही मोठी हानी निराळीच असते आणि ती प्रबंधाच्या कोणत्याही पानावर उघड दिसत नाही. यंत्र अपुरे पडले म्हणजे विद्यार्थ्याला यंत्र बदलता येत नाही. तो आपला प्रश्न लहान करतो.

हे कसे घडते ते एका उदाहरणाने पाहू. महाराष्ट्रात ४०,००० हून अधिक गावे आहेत. त्यांपैकी ४०,००० गावांच्या पर्जन्यमानातील परस्परसंबंध अंतरानुसार कसा बदलतो हे तपासावयाचे आहे असे समजा. प्रत्येक गावाचे इतर प्रत्येक गावाशी असलेले सहप्रचरण मांडावयाचे तर ४०,००० ओळी व तितकेच स्तंभ यांची मॅट्रिक्स तयार होते. तीत १६० कोटी संख्या येतात. संख्याशास्त्रीय आकडेमोडीत प्रत्येक संख्येस सामान्यतः ८ बाइट लागतात. म्हणजे एकटी मॅट्रिक्स १२.८ जीबी जागा व्यापते. तिचे विघटन करताना आज्ञावली बहुधा तिची आणखी एक प्रत काढते. हिशेब २५.६ जीबीवर गेला, आणि अद्याप संगणकाची स्वतःची कार्यप्रणाली जमेस धरलेली नाही. १६ जीबी मुख्य स्मृती, म्हणजे व्यवहारातील रॅम, असलेल्या यंत्रावर हे गणित होणार नाही. ३२ जीबीवर कसेबसे होईल. ६४ जीबीवर निर्वेधपणे होईल. ८ जीबीच्या यंत्रावर मात्र ५ जीबी मोकळी सापडली असे धरले तर गावांची संख्या १७,००० च्या आसपास आणावी लागते. मग प्रबंधात ‘निवडक गावांचा अभ्यास’ असे शीर्षक येते, आणि निवड कोणी केली हे परीक्षकासही कळत नाही. विरल मॅट्रिक्सच्या व सन्निकट आकडेमोडीच्या चांगल्या पद्धती उपलब्ध आहेत हे खरे. परंतु त्या स्वीकारणे हा संशोधकाचा विचारपूर्वक निर्णय असावा, यंत्राची सक्ती असू नये.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मॅट्रिक्सची जागा गावांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून स्मृती दुप्पट केल्याने गावे दुप्पट होत नाहीत, ती सुमारे १.४ पट होतात. गावे दुप्पट हवी असतील तर स्मृती चौपट हवी. ‘यंदा थोडी वाढवून घेऊ’ या वृत्तीने केलेल्या खरेदीचा लाभ अपेक्षेहून कमी भासतो त्याचे कारण हेच.

स्मृती अपुरी पडली म्हणजे यंत्र थांबत नाही, ते रखडते. याचे मूळ निरनिराळ्या साठ्यांच्या वेगांतील अंतरात आहे. प्रोसेसरला स्वतःच्या जवळच्या कॅशेमधून एखादी संख्या मिळण्यास साधारण १ नॅनोसेकंद लागतो. तो एक सेकंद मानला, तर मुख्य स्मृतीतून ती येण्यास दीड मिनिटाहून थोडा अधिक, एसएसडीवरून येण्यास एक दिवसाहून अधिक आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून येण्यास सुमारे चार महिने लागतील. रॅम भरली की कार्यप्रणाली उरलेला मजकूर डिस्कवर ठेवू लागते, आणि ज्या गणिताला मिनिटे लागावयाची त्याची रात्र होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या यंत्राची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे सुमारे १० हजार बाइटांची होती. त्यावर गणित घालावयाचे तर जागेचा हिशेब आधी कागदावर करणे भागच होते. ती सवय आपण उगाचच सोडली.

रॅम किती याबरोबरच ती कशी बसविली आहे हेही पाहावे. आजचे सामान्य डेस्कटॉप प्रोसेसर स्मृतीशी दोन मार्गांनी जोडलेले असतात. डीडीआर५-५६०० जातीची एकच पट्टी बसविली तर सेकंदाला जास्तीत जास्त ४४.८ जीबी मजकूर ये-जा करू शकतो. दोन पट्ट्यांनी ही मर्यादा ८९.६ जीबी होते. ३२ जीबीची एक पट्टी आणि १६ जीबीच्या दोन पट्ट्या दरपत्रकात सारख्याच दिसतात. आकडेमोडीत त्या सारख्या नाहीत. चारही खाचा भरल्यास मात्र डीडीआर५ चा वेग बहुधा उतरतो. तेव्हा ६४ जीबी हवी असल्यास ३२ च्या दोन पट्ट्या मागाव्यात.

प्रोसेसरविषयी समित्यांत सर्वाधिक चर्चा होते, आणि ती बहुतांशी नावांवर होते. ‘कोअर आय-५’ या नावाने २००९ साली चार कोअरचा प्रोसेसर आला. २०२२ साली त्याच नावाखाली चौदा कोअरचा आला. निविदेत नुसते नाव लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. शिवाय कोअर वाढविल्याने काम त्याच प्रमाणात वेगाने होत नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या युक्तिवादाप्रमाणे, कामाचा पाचवा हिस्सा जर क्रमाक्रमानेच करावा लागत असेल तर ८ कोअरनी वेग ३.३ पट होतो, १६ कोअरनी ४ पट, आणि कितीही कोअर लावले तरी ५ पटीपलीकडे जात नाही. अनुक्रमिक नमुन्यांची लांब साखळी चालविणाऱ्यास थोडे पण वेगवान कोअर हितकारक. एकच प्रयोग हजार वेळा स्वतंत्रपणे करणाऱ्यास अधिक कोअर.

काही वेळा उपाय खरेदीत नसतोच. वरील मॅट्रिक्सच्या चोलेस्की विघटनास सुमारे २१,००० अब्ज क्रिया लागतात. ‘आर’ ही प्रणाली विंडोजवर ज्या साध्या बीएलएएस संचासह येते, त्याने एका कोअरवर सेकंदाला दोन अब्ज क्रिया झाल्या असे धरले तर हे काम तीन तासांचे आहे. ओपनब्लास हा विनामूल्य संच त्याच यंत्रावर बसवून सेकंदाला शंभर अब्ज क्रिया साधल्या तर साडेतीन मिनिटांचे. नव्या यंत्राची मागणी करण्यापूर्वी हे करून पाहण्यास कोणाची मंजुरी लागत नाही.

ग्राफिक कार्डाचा मोह सध्या मोठा आहे. २०२० नंतरची जीफोर्स कार्डे दुहेरी अचूकतेची आकडेमोड एकेरीच्या सुमारे चौसष्टाव्या हिश्श्याच्या वेगाने करतात. न्यूरल नेटवर्कचे काम असेल तर कार्ड अवश्य घ्यावे व प्रथम त्याची स्वतःची स्मृती पाहावी. आपल्या नेहमीच्या गणितासाठी तो पैसा रॅमवर खर्च करणे बरे. एसएसडी आणि यूपीएस यांविषयी वाद संभवत नाही. पहिली नसेल तर सकाळ जाते, दुसरा नसेल तर वीज गेल्याबरोबर रात्रभराचे गणित जाते.

तेव्हा विनिर्देश लिहिण्याआधी विभागातील तीन-चार प्रत्यक्ष कामे सध्याच्या यंत्रावर चालवून टास्क मॅनेजर पाहावा. स्मृती भरून डिस्क अखंड चालू असेल तर रॅम हवी. एकच कोअर राबत असून बाकीचे स्वस्थ असतील तर आधी आज्ञावली तपासावी. सर्व कोअर भरलेले असतील तरच मोठ्या प्रोसेसरचा विचार करावा. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील १४४ वा नियम, विनिर्देश मूलभूत गरज भागविणारे असावेत व त्यांत अनावश्यक बाबी नसाव्यात असे सांगतो. ही नोंद प्रस्तावास जोडल्यास लेखा विभागाच्या शंकेस उत्तरही मिळते. निविदेत रॅमची एकूण क्षमता, पट्ट्यांची संख्या, कोअरची संख्या व प्रोसेसरची पिढी स्पष्ट लिहावी. आणि यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी विभागाने दिलेले एक गणित त्यावर चालवून दाखविण्याची अट घालावी. ते गणित कोणते व त्यास किती वेळ लागला हे रजिस्टरातील नोंदीपुढेच लिहून ठेवावे, म्हणजे पुढील खेपेस समितीपुढे गतवर्षीच्या निविदेखेरीज दुसरेही काही असेल.