उजेडात न आलेली चूल

बीड जिल्ह्यातील जुनी कौटुंबिक छायाचित्रे वाचताना आधी तेथील घराची बांधणी ध्यानात घ्यावी लागते. कारण माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घालून केलेल्या सपाट छताच्या घरात उजेड येई तो दारातून आणि साण्यातून, म्हणजे छताला ठेवलेल्या झरोक्यातून, आणि तेवढ्यावर त्या काळच्या मंद काचेच्या प्लेटवर चित्र उमटणे कठीण होते. म्हणून फोटोसाठी कुटुंब अंगणात येई, पाठीमागे चादर ताणली जाई आणि कुंचीतले, म्हणजे डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणाऱ्या शिवलेल्या वस्त्रातले मूल आजीच्या मांडीवर बसे. चूल, जाते, रांजण आतच राहत. अशा चित्रात गालावरची तीट आणि पायातले वाळे चटकन ओळखू येतात, पण जावळ न काढलेला, वेणी घातलेला मुलगा हमखास मुलगी समजला जातो.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद सुभ्यात होता. संस्थानचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत जनाना स्टुडिओ, म्हणजे पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढून ती एका इंग्रज बाईंकडे सोपवली. ही सोय अर्थातच राजधानीतल्या संपन्न घरांची होती. त्यांच्याच स्टुडिओने १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबादच्या मदतकार्यावरची हडकुळी माणसे टिपली. या दोन संग्रहांतले अंतर वेदनादायक आहे, कारण श्रीमंताच्या मुलाचे चित्र त्याच्या घरच्यांसाठी काढले गेले, तर उपाशी मुलाचे चित्र सरकारने मदत केल्याचा पुरावा म्हणून.

१९७२ च्या दुष्काळातही गरिबाचे बालपण चौकटीत आले ते खडी फोडणाऱ्या आईच्या शेजारी, घरापासून दूर. आज दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची छायाचित्रे त्याच मालिकेतली ठरतात. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या वा ताडपत्रीच्या झोपडीत, आत स्वयंपाकापुरती जागा नसते, त्यामुळे माळवदाच्या घरांच्या फोटोंत कधी न दिसलेली चूल या चित्रांत दारातच पेटलेली, मुलाच्या अगदी जवळ दिसते.