श्रावणात अडकणारा खण

दुर्गमधल्या बोरसीत पावसाळा नीट लागला की जुन्या सागवानी टेबलाचा खण अडकतो. वैशाखात, दुर्ग-भिलाईचा पारा 45 अंशांच्या आसपास असताना, तोच खण बोटाने ओढला तरी सरकतो. आषाढ-श्रावणात त्याला दोन्ही हातांनी हिसका द्यावा लागतो. घरातले म्हणतात, लाकूड फुगलं. म्हणणं खरं आहे. पण ते का फुगलं, कोणत्या दिशेला फुगलं आणि किती मिलिमीटर फुगलं, हे जो सांगू शकतो त्याने फर्निचर डिझाइनचा पहिला धडा गिरवला आहे. महाविद्यालयात हा धडा शिकवतात आणि त्यावर पुढची सगळी वर्षं उभी राहतात, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

लाकूड तोडल्यावरही हवेशी देवाणघेवाण करत राहतं. हवेत दमटपणा वाढला की त्याच्या पेशींच्या भिंती पाणी ओढून घेतात आणि जाड होतात. हवा कोरडी झाली की पाणी सोडतात आणि आक्रसतात. आश्चर्य असं की हा बदल सगळीकडे सारखा होत नाही. फळीच्या लांबीत तो जवळजवळ नसतोच. रुंदीत मात्र तो ठळक असतो. वाढीच्या वलयांच्या कडेने जेवढं लाकूड हलतं, त्याच्या साधारण निम्मं ते गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने हलतं. म्हणून एकाच ओंडक्यातून वेगवेगळ्या कोनांत चिरलेल्या दोन फळ्या वेगवेगळ्या वागतात. सागवान या बाबतीत फार समजूतदार लाकूड. तरीही चाळीस सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी छत्तीसगडच्या उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना चार-पाच मिलिमीटर रुंद होऊ शकते. खणाच्या फटीत तेवढी जागा सोडलेली नसेल, तर तो अडकणारच.

जुन्या वाड्यांची दिलेदार दारं बनवणाऱ्या सुतारांना हे पुरतं कळलेलं होतं. दाराची चौकट अरुंद पट्ट्यांची, आणि मधली रुंद फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली, खिळा नाही की सरस नाही. फळी फुगते, आक्रसते, खाचेतल्या खाचेत हलते आणि चौकट जागची ढळत नाही. त्या सुताराने ही युक्ती बापाकडून घेतली. डिझाइनचा विद्यार्थी तीच युक्ती कारण समजून घेऊन शिकतो, म्हणजे उद्या सागवानाऐवजी बांबूची पट्टी, प्लायवूड किंवा लोखंडी नळी हाती आली तरी तो कारणापासून विचार सुरू करतो. माझ्या मते सुतार आणि डिझायनर यांच्यात फरक एवढाच आहे, आणि त्यात कुणी वरचा-खालचा नाही.

या शिक्षणाचा भारतातला उगम शोधायला गेलं की भिलाईच्या काळाशी गाठ पडते. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला 1955 साली, आणि पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली ती 4 फेब्रुवारी 1959 रोजी. या दोन तारखांच्या मध्ये, 1958च्या एप्रिलमध्ये, चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. हे दोघं स्वतः खुर्च्यांचे जगप्रसिद्ध रचनाकार. पण देशभर हिंडून त्यांनी सर्वांत जास्त कौतुक कशाचं केलं असेल, तर आपल्या लोट्याचं! पाणी किती मावतं, भरलेला असताना तोल कुठे राहतो, कमरेवर किंवा डोक्यावर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, असे प्रश्न त्यांनी त्या साध्या भांड्याला विचारले आणि डिझाइन शिकवायचं तर असं शिकवा, असं सुचवलं. त्यातून 1961 साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. गौतम आणि गिरा साराभाई या बहीणभावांनी तिची घडी बसवली. देश एका हाताने रूळ आणि तुळया ओतायला शिकत होता आणि दुसऱ्या हाताने बसायची वस्तू कशी असावी हे शिकायची तयारी करत होता. हे दोन्ही एकाच दशकात घडावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

1964 साली एनआयडीत जॉर्ज नाकाशिमा आले. त्यांची कहाणी एखाद्या पुराणातली वाटावी अशी. जपानी वंशाचा हा अमेरिकन माणूस वास्तुरचना शिकला आणि 1930च्या दशकात पाँडिचेरीला श्रीअरविंदांच्या आश्रमात येऊन राहिला. आश्रमाच्या गोलकोंड या निवासाच्या बांधकामावर त्याने देखरेख केली आणि तिथेच त्याला सुंदरानंद हे नाव मिळालं. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, त्यात नाकाशिमाही होते. त्या छावणीत एका जपानी सुताराकडून ते हाताने सांधे घालायला शिकले. झाडाची कड, गाठ, भेग न लपवता तशीच ठेवून टेबल करायचं, ही त्यांची ओळख झाली. फळीला तडा गेलेला असेल तर फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा आडवा बसवून ती भेग थांबवायची, पण डोळ्यांसमोर ठेवायची. अहमदाबादेत त्यांनी काम केलं तेव्हा त्यांच्या सोबत गजानन उपाध्याय होते. उपाध्यायांनी पुढे एनआयडीत फर्निचर शिकवण्यात आयुष्य घातलं.

उपाध्यायांच्या एका रचनेचं नावच 24-42. नाव ऐकून गणिताचं कोडं वाटतं. अर्थ सरळ आहे: चोवीस मिलिमीटर बाय बेचाळीस मिलिमीटर अशा एकाच मापाच्या लाकडी पट्ट्यांतून ती साकारते. पाय त्याच मापाचे, आडव्या दांड्या त्याच मापाच्या. एकच माप असलं की करवतीची मांडणी एकदाच करायची, वाया जाणारं लाकूड कमी, आणि गावातला कोणताही सुतार ती करू शकतो. मोठा कारखाना नसलेल्या गावांसाठी एवढी विचारपूर्वक केलेली वस्तू मला क्वचितच माहीत आहे. विद्यार्थ्याला ती दाखवतात तेव्हा तो प्रथम निराश होत असावा, कारण तिच्यात नक्षी नाही. मग तो स्वतः करायला बसतो आणि एकाच मापात सगळं बसवणं किती अवघड आहे हे त्याला कळतं.

एनआयडीचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. पहिलं वर्ष सगळ्यांचं सारखं: रेखाटन, भूमिती, रंग, साहित्याची ओळख. त्यानंतर विषय निवडायचा, आणि फर्निचर निवडलं की दिवसाचा बराच वेळ वर्कशॉपमध्ये जातो. रंधा, पटाशी, करवत, गुण्या हाताला सवयीचे व्हावे लागतात. कागदावर झालेली खुर्ची आधी छोट्या प्रमाणात पुठ्ठ्याची किंवा लाकडाची करायची, मग पूर्ण मापाची, मग तिच्यावर वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना बसवायचं, आणि पुन्हा मोडून करायचं. याशिवाय एखाद्या कारागिरांच्या गावी जाऊन राहायचं, त्यांच्या वस्तू, हत्यारं, माल कुठून येतो आणि कुठे जातो याची तपशीलवार नोंद करायची, हाही अभ्यासाचा भाग. शेवटी कारखान्यात किंवा संस्थेत प्रत्यक्ष प्रकल्प.

माणसांना बसवून बघायचं, हे वाक्य हलकं घेऊ नये. खुर्चीचं पहिलं माप म्हणजे जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतची उंची. बैठक त्याहून उंच झाली तर मांडीखालची कड रक्तवाहिन्या दाबते आणि पाय बधिर होतात. फार खाली गेली तर उठताना गुडघ्यांवर भार येतो. बाजारातल्या खुर्च्या बहुतेक 43 ते 45 सेंटिमीटर उंचीच्या असतात, आणि आपल्याकडच्या अनेक बायकांना ती उंची जास्त होते. त्या नकळत पुढच्या कडेवर बसतात किंवा पाय वर घेऊन मांडी घालतात. युरोपीय माणसाची मापं भारतीय शरीरावर लादायची नाहीत म्हणून एनआयडीतल्या देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय स्त्री-पुरुषांच्या शरीराची मापं गोळा करून 1997 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. फर्निचरच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर तो उघडाच असावा अशा योग्यतेचा.

आणि आपण तर मुळात खुर्चीवर बसणारी माणसं नव्हतो. आपला पाट, चौरंग, पलंग, झोपाळा, लोड-तक्क्यांची बैठक. छत्तीसगडी घरातला पीढा, माची आणि खटिया. खटिया उचलून बघा. चार पाय, चार दांड्या, दोरी. दोरी तिरकी विणलेली, म्हणून भार एका जागी न साचता चारही दांड्यांवर पसरतो, आणि पायथ्याकडची मोकळी दोरी ओढली की ढिली झालेली खाट पुन्हा ताठ होते. उन्हाळ्यात खालून वारा लागतो. उभी करून भिंतीला टेकवली की अंगण मोकळं. आजच्या भाषेत ही सोय विकायची तर जाहिरातदारांना पान भरून मजकूर लागेल.

जगभरात फर्निचर कारखान्यातून निघायला लागलं त्याची एक निशाणी मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत अजून सापडते: वाकवलेल्या गोल लाकडाची, वेताची किंवा पातळ फळीची बैठक असलेली काळपट खुर्ची. तिचा मूळ पुरुष व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटची 1859 सालची चौदा क्रमांकाची खुर्ची. लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचं, एकूण सहा भाग, दहा स्क्रू. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. मग 1925 साली मार्सेल ब्रॉयरने जर्मनीत सायकलच्या हँडलकडे बघत पोलादी नळीची खुर्ची केली. आणि मुंबईत गोदरेजने 1923 पासून पत्र्याची कपाटं करायला घेतली. लग्नात लेकीबरोबर जाणारं ते कपाट भिलाईच्या किती क्वार्टरांत उभं असेल! गंमत अशी की भिलाईत रूळ होतात, 260 मीटर लांबीपर्यंतचे जोडरूळ होतात, जाड प्लेट होते, बांधकामाचं पोलाद होतं. कपाटाला लागणारा पातळ पत्रा मात्र इथला नव्हे. पोलादाच्या गावात राहूनही पत्रा बाहेरून येतो, हे फर्निचर शिकणाऱ्याने ध्यानात ठेवावं. माल कुठला, यावर वस्तूची किंमत आणि कधी कधी तिचा आकारही ठरतो.

मराठी मुलुखाची या विषयातली पुंजी लहान नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईचं काळ्या शिसवीचं कोरीव फर्निचर विलायतेपर्यंत नावाजलेलं होतं. सर जे. जे. कलाशाळा 1857 साली सुरू झाली आणि 1891 साली तिला रे आर्ट वर्कशॉप्सची जोड मिळाली, म्हणजे कारागिरीला वर्गाचं छप्पर मिळालं. 1969 साली पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र उघडलं, ते उभं करणारे सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्मच्या प्रसिद्ध शाळेत शिकून आलेले. लाकडाचं म्हणाल तर चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण देणारं केंद्र आहे. बोरसीहून हे सगळं फार दूर नाही. दुर्ग नागपूरच्याच रेल्वेमार्गावर, आणि 1956 पर्यंत तर एकाच प्रांतात होतं.

पण छत्तीसगडच्या मुलाने आधी दक्षिणेकडे, बस्तरकडे बघावं. तिथे दसऱ्यासाठी दरवर्षी नवा लाकडी रथ बांधतात. रथ बांधण्याचा मान बेडा उमरगाव आणि झार उमरगाव या दोन गावांतल्या कारागिरांचा. पाटजात्रेच्या विधीने लाकडाची पूजा होते आणि पंचाहत्तर दिवसांचा उत्सव सुरू होतो. फुलरथ चार चाकांचा, विजयरथ आठ चाकांचा, आणि शेकडो माणसं दोर लावून ओढतात तेव्हा ते सगळे सांधे तो हिसका सोसतात. सरई, म्हणजे आपला साल, तिथल्या जंगलाचा राजा. जड आणि चिवट. बीजा, ज्याला आपण बिबळा म्हणतो, त्याच्या पेल्यात पाणी ठेवलं तर पाण्याला रंग चढतो. बस्तरच्याच कोंडागावातही लाकूडकाम चालतं. त्या भागात बोलली जाणारी हलबी ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात मराठीच्या खंडात घातली होती, त्यामुळे तिथल्या कारागिराशी बोलताना मराठी कानाला बरेच शब्द ओळखीचे लागतात. कारागिरांची नोंद करायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठं भांडवल कोणतं? बस्तरच्या वाटेवर नसलं तरी दुर्गहून फार दूर नसलेलं खैरागडही आहे, तिथलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय 1956 पासून राजवाड्यात चालतं आणि तिथे संगीताबरोबर दृश्यकलाही शिकवतात.

वस्तूचं मोल ओळखणारं कुणी नसलं की काय होतं, याची चंडीगडची एक घटना इथे सांगावीशी वाटते. ते शहर वसलं तेव्हा वास्तुरचनाकार पिएर जानरे यांनी कचेऱ्या, ग्रंथालयं आणि वसतिगृहांसाठी सागवान-वेताच्या खुर्च्या रचल्या. पायांचा आकार उलट्या व्ही अक्षरासारखा. स्थानिक सुतारांनी त्या हजारोंनी केल्या. काही दशकांनी त्या मोडक्या म्हणून गच्च्यांवर ढीग घालून ठेवल्या, भंगारात विकल्या, आणि त्याच परदेशी लिलावांत लाखो रुपयांना गेल्या. 2011 साली केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. ज्या कारकुनाने वीस वर्षं त्या खुर्चीवर बसून काम केलं त्याला ती चांगली वाटलीच असणार. चांगली का वाटते हे सांगणारं माणूस त्या कचेरीत नव्हतं.

बोरसीतून एनआयडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी एक काम सुचवीन. परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात रेखाटन आणि निरीक्षण तपासतात, दुसऱ्या टप्प्यात हाताने वस्तू घडवायला लावतात. तेव्हा मोजपट्टी घेऊन आजीची माची मोजावी: उंची, रुंदी, पायाची जाडी, दोरीच्या फेऱ्या. आजी बसलेली असताना आणि उठताना, असं दोनदा रेखाटावं. मग तिच्या गुडघ्यामागची उंची मोजून माचीच्या उंचीशेजारी लिहावी, आणि तिला विचारावं की उठताना हात कुठे टेकावा लागतो.