परवाना खिशात, पिस्तूल कमरेला: नाकाबंदीविषयीचे गैरसमज

नाशिकमध्ये द्वारका किंवा पाथर्डी फाट्यावर नाकाबंदी लागली की पोलिसांचे लक्ष हेल्मेट, सीटबेल्ट आणि गाडीच्या कागदपत्रांकडे असते. त्यावरून एक समज रुजला आहे: वाहतूक पोलिसाचा शस्त्राशी संबंध नाही, ते काम पोलीस ठाण्याचे. शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम १९ मात्र शाखा पाहत नाही. शस्त्र घेऊन जाणाऱ्याकडे परवाना मागण्याचा अधिकार ते कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला देते. परवाना दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारता येतो आणि गरज वाटल्यास शस्त्र जप्त करता येते. नाव-पत्ता द्यायला नकार दिला किंवा तो खोटा असल्याचा संशय आला, तर वॉरंटशिवाय अटकही होऊ शकते. हा क्रम महत्त्वाचा आहे. वैध परवाना पुढे केला की या कलमाखाली जप्तीची पायरी येतच नाही. परवानाधारकाला कायद्याने दिलेले संरक्षण त्या कागदात आहे. हुज्जत घालून ते गमावण्यात शहाणपण नाही.

परवाना असला की शस्त्र कुठेही, कसेही नेता येते, हा याच्या उलटा गैरसमज. भारतीय राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत अधिकार नाही. परवाना ही अटींसह दिलेली मुभा आहे. परवान्यावर क्षेत्र नोंदलेले असते. ते महाराष्ट्रापुरते असेल तर वणीमार्गे सापुताऱ्याला निघालेल्या माणसाचा परवाना गुजरातच्या हद्दीत उपयोगी पडत नाही. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरसारख्या आवरणात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवे. जत्रा, धार्मिक मिरवणूक आणि शिक्षणसंस्थेच्या आवारात ते विशेष परवानगीशिवाय नेता येत नाही. सिंहस्थ भरणाऱ्या नाशिक-त्र्यंबकेश्वरात ही अट विशेष लक्षात ठेवायला हवी. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्र बाळगण्यावर मनाई आदेश निघतात. त्यातून कोणाला सूट आहे, हे आदेश वाचूनच कळते.

गाडी स्वतःची, म्हणून डॅशबोर्डवर ठेवलेले पिस्तूल घरातल्यासारखेच, हा तर्कही टिकत नाही. पिस्तूल डिक्कीत विसरून गाडी मित्राच्या हाती देणे त्याहून धोक्याचे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात स्पष्ट केले की ताबा म्हणजे केवळ हातात असणे नव्हे. जाणीव आणि नियंत्रण पाहिले जाते. मित्राला शस्त्राची कल्पना असेल, तर विनापरवाना ताब्याचा प्रश्न त्याच्यावर येऊ शकतो. दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी लेखी अधिकारपत्र देऊन शस्त्र दुसऱ्याकडून पाठवण्याची सोय कायद्यात आहे; गाडी उसनी देणे त्यात बसत नाही.

आता कळीचा प्रश्न: पोलिसाने थांबवले की आपण होऊन सांगायचे का? अमेरिकेतल्या काही राज्यांत तसे बंधन आहे, आणि तिथले व्हिडिओ पाहून ते इथेही आहे असे वाटते. आपल्या शस्त्र अधिनियमात तसे कलम नाही. परवाना मागितल्यावर दाखवणे हे बंधन आहे. मग सांगून तपासणी कशाला ओढवून घ्यायची, असा आक्षेप येतो. मिनेसोटात २०१६ साली फिलँडो कॅस्टिल यांनी आपल्याकडे शस्त्र असल्याचे पोलिसाला सांगितले आणि काही क्षणांत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा नुसते सांगणे पुरेसे नसते, हेही खरे. पण त्या घटनेत वाद झाला तो हात कशाकडे जात होता यावर. म्हणून कागद काढण्यासाठी कमरेजवळ हात न्यावा लागणार असेल, तर हात स्टिअरिंगवर ठेवून आधी शांतपणे सांगावे आणि पोलीस सांगेल तसे करावे. पिस्तूल दाखवायला स्वतःहून बाहेर काढू नये. झडतीची शक्यता यामुळे वाढेलही, पण दोन मिनिटांच्या तपासणीपेक्षा अचानक दिसलेल्या पिस्तुलाची किंमत मोठी.

परवान्याची अट मोडल्यास शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि कलम १७ खाली परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख विसरणे अधिक सोपे झाले आहे. घरातून निघण्यापूर्वी मुदत, क्षेत्र आणि शस्त्राचा क्रमांक परवान्याशी ताडून पाहावा.