घर नवे, थकबाकी जुनी

घर खरेदी करणे ही सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील मोठी घटना होय. वर्षानुवर्षांची बचत आणि कर्ज यांच्या आधारे खरेदीखत होते, नोंदणी होते आणि कुटुंब नव्या वास्तूत राहावयास जाते. काही दिवसांनी ग्रामपंचायतीचा शिपाई घरपट्टीचे बिल घेऊन दारात उभा राहतो. बिलात चालू वर्षाच्या कराबरोबर मागील काही वर्षांची थकबाकीही दाखविलेली असते. घर ज्याने विकले तो गाव सोडून गेलेला असतो. "त्या वर्षी हे घर माझे नव्हतेच," असे नवा मालक म्हणतो, तर "घर तर येथेच आहे," असे पंचायत म्हणते. अशा वेळी दोघांचेही कोठे बरोबर आहे आणि कोठे चूक आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

कर कोणाचा?

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. पहिली बाजू विकणारा आणि घेणारा यांच्यातील व्यवहाराची. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याच्या कलम 55 नुसार, विक्रीच्या तारखेपर्यंत मालमत्तेवर देय झालेले सार्वजनिक कर व आकार विकणाऱ्याने भरावयाचे असतात आणि मालकी हस्तांतरित झाल्यानंतरचे घेणाऱ्याने. उभयतांनी करारात वेगळे ठरविले नसेल, तर हा नियम लागू होतो.

दुसरी बाजू पंचायतीची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 याच्या कलम 124 नुसार इमारती व जमिनी यांवरील कर मालकाकडून किंवा भोगवटादाराकडून वसूल करता येतो. याच कलमात एक महत्त्वाचे परंतुक आहे. मालक गाव सोडून गेला असेल किंवा अन्य कारणाने सापडत नसेल, तर ज्याच्याकडे ती इमारत वा जमीन हस्तांतरित झाली, तो मालकाकडील कर भरण्यास जबाबदार ठरतो. म्हणजेच, विकणाऱ्याची जबाबदारी कायद्याने निश्चित असली, तरी तो गावात नसल्यास पंचायत नव्या मालकाकडे जाऊ शकते. ही तरतूद माहीत नसल्यामुळेच अनेक वाद निर्माण होतात.

महानगरपालिकांच्या क्षेत्रात मालमत्ता कर हा त्या मालमत्तेवरील बोजा मानला जातो. असा बोजा नव्या खरेदीदारावर केव्हा चालतो, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महानगरपालिकेच्या एका प्रकरणात 1971 साली केला. न्यायालयाच्या लिलावात घर घेतलेल्या व थकबाकीची माहिती नसलेल्या खरेदीदाराविरुद्ध तो बोजा अंमलात आणता येणार नाही, असा निर्णय झाला. परंतु या निर्णयाचा आधार मिळण्यासाठी खरेदीदाराने योग्य ती चौकशी केलेली असली पाहिजे. डोळे मिटून व्यवहार करणाऱ्यासाठी ते संरक्षण नाही.

खरेदीपूर्वीची दक्षता

ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराची करविषयक माहिती ठराविक नमुन्यांत असते. नमुना 8 ही कर आकारणी नोंदवही. तीत मालकाचे व भोगवटादाराचे नाव, घराचे वर्णन आणि आकारलेला कर यांची नोंद असते. नमुना 9 ही कर मागणी नोंदवही. मागील बाकी किती, चालू मागणी किती आणि वसुली किती, हे तिच्यावरून कळते. भरलेल्या कराची पावती नमुना 10 मध्ये दिली जाते.

अनेक खरेदीदार केवळ नमुना 8 चा उतारा पाहून समाधान मानतात. त्या उताऱ्यावरून कर किती बसतो हे कळते. तो भरला आहे किंवा नाही, हे कळत नाही. सबब, उताऱ्याबरोबर येणे बाकी नसल्याचा दाखला मागणे अगत्याचे आहे. हे दोन्ही दाखले महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खालील अधिसूचित सेवांत येत असल्याने, ते ठराविक मुदतीत देणे बंधनकारक आहे. पाणीपट्टीची बाकीही याच वेळी विचारून घ्यावी.

एक उदाहरण

समजा, एका शिक्षकाने 30 सप्टेंबर रोजी घर खरेदी केले. घराचा एकूण वार्षिक कर 1,800 रुपये असून मागील तीन वर्षांचा कर थकलेला आहे. म्हणजे जुनी बाकी 5,400 रुपये झाली. चालू वर्षाचा कर उभयतांनी निम्मा-निम्मा घेण्याचे ठरविल्यास विकणाऱ्याकडे 900 आणि घेणाऱ्याकडे 900 रुपये येतात. अशा रीतीने विकणाऱ्याचा वाटा 6,300 रुपये होतो. खरेदीच्या रकमेतून तेवढे पैसे राखून ते पंचायतीत भरले आणि तसा उल्लेख खरेदीखतात केला, तर पुढील वादाचे मूळच नाहीसे होते.

थकबाकी नंतर उघड झाल्यास

व्यवहार पूर्ण झाल्यावर थकबाकी कळली, तर घाबरून जाऊ नये आणि बिल फेकूनही देऊ नये. प्रथम वर्षवार तपशील लेखी मागावा आणि विकणाऱ्याकडील जुन्या पावत्यांशी तो ताडून पाहावा. भरलेली रक्कम नोंदवहीत चढावयाची राहून गेल्याचे अशा वेळी आढळून येऊ शकते. आकारणीच चुकीची वाटत असेल, तर पंचायत समितीकडे अपील करण्याची सोय आहे.

बाकी खरी ठरली, तर विकणाऱ्यास लेखी कळवून ती भरण्यास सांगावे. त्याने टाळाटाळ केल्यास नव्या मालकाने ती भरून पावती जपून ठेवावी. दुसऱ्याने कायद्याने द्यावयाची रक्कम, त्या देण्यात हितसंबंध असलेल्या व्यक्तीने भरली, तर ती परत मिळण्याचा हक्क भारतीय करार अधिनियम, 1872 याच्या कलम 69 ने दिला आहे. यासाठी दाव्याची मुदत रक्कम भरल्यापासून तीन वर्षे आहे.

त्याचबरोबर नोंदणीकृत खरेदीखताची प्रत जोडून नमुना 8 मध्ये नाव लावण्याचा अर्ज करावा. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरणाची सूचना तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. ती न दिल्यास जुन्या मालकाची जबाबदारीही चालू राहते. मात्र नमुना 8 मधील नोंद ही करवसुलीसाठी असते, ती मालकी हक्काचा पुरावा नव्हे, हे पंचायत सदस्यांनी व नागरिकांनी ध्यानात ठेवावे.

पंचायतीचे कर्तव्य

थकबाकी साचण्यास केवळ नागरिकच कारणीभूत असतो असे नाही. कलम 129 नुसार कर देय होताच पंचायतीने विनाविलंब बिल द्यावयाचे असते. मुदतीत भरणा न झाल्यास मागणीचा हुकूम बजावावा लागतो. तो बजावल्यापासून 30 दिवसांत रक्कम न आल्यास जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री करता येते. बिलच वेळेवर गेले नाही, तर तीन-चार वर्षांची बाकी एकदम नव्या मालकापुढे ठेवण्याची पाळी येते, आणि तोवर विकणारा गावातून गेलेला असतो.

लोकप्रतिनिधींच्या दृष्टीनेही ही बाब गंभीर आहे. पंचायतीचा कर मागणी करून रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत न भरणारी व्यक्ती, कलम 14 नुसार पंचायतीचे सदस्यत्व धारण करण्यास अपात्र ठरते. इतरांकडून कर मागणाऱ्याने आपला कर प्रथम भरावा, हाच या तरतुदीचा अर्थ होय.

गावातील दिवाबत्ती, गटारे, रस्ते आणि पिण्याचे पाणी यांचा खर्च पंचायतीला मुख्यत्वे आपल्या उत्पन्नातूनही करावा लागतो, आणि घरपट्टी हा त्या उत्पन्नाचा आधार आहे. पंचायतीने बिल वेळेवर द्यावे, विकणाऱ्याने हिशेब पुरा करून घर सोडावे आणि घेणाऱ्याने किल्ली हाती घेण्यापूर्वी दाखला मागावा. एवढे झाले, तर नव्या घराच्या उंबऱ्यावर जुनी थकबाकी वाट पाहत उभी राहणार नाही.