चोजुबाईच्या मुळाशी सदाफुली

टोकियोत राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या ओळखीच्या एका बोन्सायवाल्या आजोबांनी त्यांना चोजुबाईच्या पाच काड्या दिल्या. जूनच्या पावसात लावल्या, पाचही जगल्या. आता त्यांना त्या काड्यांचं बेट करायचं आहे. बांबूचं असतं तसंच, एका बुडख्यातून निघालेल्या अनेक खोडांचं. जपानीत या घडणीला काबुदाची म्हणतात. ताईंचे प्रश्न दोन. वेगवेगळ्या पाच काड्या कधी खरोखर एक झाड होतात का? आणि आजोबा बाकीच्या बहुतेक झाडांच्या कुंड्या वसंतात बदलतात, पण चोजुबाईची मात्र सप्टेंबरअखेर, उकाडा सरल्यावरच बदलायची असं त्यांनी बजावलंय, ते का?

दुसऱ्या प्रश्नाने मला दोन दिवस दुसरं काही सुचू दिलं नाही. पण आधी या झाडाची ओळख.

चोजुबाई हे नाव मराठी कानाला शेजारच्या आजीचं वाटतं आणि अर्थही तिला शोभणारा आहे: चो म्हणजे दीर्घ, जु म्हणजे आयुष्य. शेवटचा ‘बाई’ म्हणजे उमे, जपानी प्लम. प्रत्यक्षात हे झाड प्लम नव्हेच. ते सफरचंद-नासपतीच्या गोतातलं, जपानी क्विन्सची ठेंगणी जात. काष्ठौषधींच्या दुकानात बिहीदाणा मिळतो, त्या बिहीचं हे चुलत भावंड. पान नखाएवढं, फांद्यांना काटे, साल लवकर जून दिसणारी, आणि फूल लालभडक. वर्षातून दोन-तीनदा तरी फुलतं.

नावाचा घोळ जपानपुरता राहिला नाही. लिनियसचा शिष्य कार्ल थुनबर्ग डच कंपनीचा डॉक्टर म्हणून १७७५ साली नागासाकीत उतरला. त्याला हाकोनेच्या डोंगरात हे झुडूप दिसलं आणि १७८४ च्या ग्रंथात त्याने त्याला नासपतीच्या प्रजातीत बसवून ‘पायरस जापोनिका’ म्हटलं. पुढे १७९६ मध्ये इंग्लंडच्या क्यू बागेत जे झाड पोहोचलं ते चीनमधलं होतं, वेगळ्याच जातीचं. सगळ्यांनी तेच थुनबर्गचं झाड समजून त्याला ‘जापोनिका’ म्हणायला सुरुवात केली. खरं जपानी झुडूप इंग्लंडात यायला १८६९ च्या आसपासचा काळ उजाडला. तोवर त्याचं नाव दुसऱ्याने घेतलेलं होतं, म्हणून त्याला नवं नाव द्यावं लागलं! इंग्रज माळी अजूनही त्या चिनी झाडाला जापोनिकाच म्हणतात.

आता पहिला प्रश्न. पाच काड्या एक होतात, ताई, पण घाई चालत नाही. वडाच्या दोन पारंब्या एकमेकींना टेकून वाढल्या की काही वर्षांनी त्यांच्यातली रेघसुद्धा दिसत नाही, ते आठवा. सालीखाली पेशी विभागणारा एक पातळ थर असतो. दोन खोडं एकमेकांवर दाबली गेली, मधली साल फाटली आणि हे थर भिडले, की जखम भरताना रसवाहिन्या एकमेकींत जोडल्या जातात. आपल्याकडचं भेटकलम याच तत्त्वावर चालतं. यासाठी एक जुनी युक्ती आहे. फरशीच्या पातळ तुकड्याला करंगळी जाईल एवढं भोक पाडायचं, काडेपेटीतल्या काडीएवढी रोपं त्यातून एकत्र ओवायची आणि फरशी मातीखाली ठेवायची. खोडं जाड होऊ लागली की भोक त्यांना आवळतं. भोकाच्या वर बुडखे फुगून एकमेकांत रुततात, खाली मुळं आडवी पसरतात. चोजुबाई बुडातून स्वतःहूनही फुटवे काढते, त्यामुळे बेट भरायला ती मदतच करते.

बेटासाठी बियांची रोपं न घेता छाटकलमंच घ्यायची, यालाही कारण आहे. बीपासून उगवलेलं प्रत्येक रोप आपल्या तऱ्हेचं. एक आधी फुलेल, दुसऱ्याचा लाल रंग फिका निघेल, तिसऱ्याचं पान मोठं असेल. एकाच आईच्या काड्या हुबेहूब सारख्या असतात, म्हणून बेट एका झाडासारखं वागतं. मात्र या कुळात स्वतःचे पराग स्वतःला सहसा चालत नाहीत. पाच खोडं असली तरी वंश एकच, तेव्हा ती पिवळी सुवासिक फळं हवी असतील तर शेजारी दुसऱ्या वाणाचं झाड ठेवा.

पण काडीला मुळं फुटतातच कशी? कोंबात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संजीवक खाली वाहत येतं, कापलेल्या टोकाशी अडतं, साचतं आणि तिथल्या पेशींना मूळ व्हायला लावतं. हे संजीवक १९३४ साली उट्रेख्टच्या प्रयोगशाळेत हाती लागलं, आणि कशातून, तर माणसाच्या मूत्रातून! झाडाच्या शेंड्यात ते इतकं कमी असतं की तिथून वेगळं काढणं त्या काळी अवघड होतं. त्याच प्रयोगशाळेने त्याआधी ‘ऑक्झिन ए’ आणि ‘ऑक्झिन बी’ असे दोन पदार्थही मोठ्या थाटात जाहीर केले होते. ते पाठ्यपुस्तकांत छापले गेले, पण इतर कुणाच्या हाती कधीच लागले नाहीत. जपून ठेवलेल्या नमुन्यांची तपासणी १९६६ मध्ये झाली, तेव्हा त्या बाटल्यांत भलतेच पदार्थ निघाले. आपल्या द्राक्ष बागायतदारांना आणि रोपवाटिकावाल्यांना ओळखीचं असलेलं ‘आयबीए’ हे ऑक्झिनचंच भावंड. मुळं फुटण्याची पावडर जादू करते असं डबीवर लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. जास्त झाली तर काडी जळते. चोजुबाईच्या काडीला पावडरीपेक्षा सावली आणि दमट हवा जास्त लागते.

ऑक्झिन एकटं काम करत नाही. सायटोकायनिन नावाचं दुसरं संजीवक त्याच्या जोडीला असतं. फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या खोडातल्या गरावर दाखवलं, की ऑक्झिन जास्त आणि सायटोकायनिन कमी असेल तर मुळं फुटतात, उलट असेल तर कोंब. दोन्ही बेताची असतील तर नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो.

हा गोळा ध्यानात ठेवा, कारण आजोबांची भीती नेमकी त्याचीच आहे. क्विन्स, गुलाब, सफरचंद, द्राक्ष यांच्या बुंध्याशी, खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथे, कधी कधी अक्रोडासारखी खडबडीत गाठ येते. ती ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या मातीतल्या जिवाणूमुळे येते हे १९०७ मध्येच कळलं होतं. तो करतो काय, हे मात्र कुणाला उमगत नव्हतं.

इथे मला अर्मिन ब्राउन यांच्याबद्दल बोलायचंच आहे. जनुकीय अभियांत्रिकीच्या बातम्यांत त्यांचं नाव क्वचित येतं, याची मला खरोखर चुटपुट लागते. प्रिन्स्टनच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९४० च्या दशकात त्यांनी प्रयोगासाठी निवडली सदाफुली. आपल्या अंगणात, गटाराच्या कडेला, कौलावरसुद्धा उगवते तीच. निवडीचं कारण साधं होतं. सदाफुली ४६ ते ४७ अंश सेल्सिअसची उष्णता काही दिवस सोसते, जिवाणू मात्र त्यात मरतो. ब्राउन खोडाला जखम करत, जिवाणू लावत, आणि ठरावीक तासांनी झाड गरम खोलीत नेत. पहिल्या दिवसातच नेलं तर गाठ येत नसे. चार दिवस थांबून नेलं, तर जिवाणू मेलेला असूनही गाठ फुगतच राही. म्हणजे गुन्हेगार मेला, तरी त्याने दिलेला हुकूम झाड पाळत होतं. त्या गाठीचा तुकडा काचेत वाढवला, तर त्याला बाहेरून संजीवक घालावं लागत नसे. ते तो स्वतःच बनवायचा. जिवाणू पेशीत काहीतरी ‘सोडून’ जातो असं ब्राउन यांनी मांडलं. डीएनए हाच आनुवंशिकतेचा पदार्थ आहे, हे सर्वांना पटायच्या आधीची ही गोष्ट!

ते ‘काहीतरी’ १९७७ मध्ये सापडलं. सिअ‍ॅटलमध्ये मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी गाठीतल्या पेशींच्या डीएनएत जिवाणूच्या डीएनएचा तुकडा दाखवून दिला. पुढे कळलं, की त्या तुकड्यात ऑक्झिन बनवणारी जनुकं आहेत, सायटोकायनिन बनवणारंही आहे, आणि वर जिवाणूला चालेल असं खाद्य बनवणारीही. जिवाणू झाडाच्या पेशीला आपलं कोठार करून टाकतो. त्यातलं सायटोकायनिनचं जनुक मोडून पाहिलं, तर काही झाडांत गाठीला चक्क मुळं फुटली! म्हणजे ताईंच्या काडीला फुटलेलं मूळ आणि आजोबांना धास्ती असलेली गाठ, दोन्ही त्याच रसायनांची करणी आहे. फरक फक्त प्रमाणाचा. याच जिवाणूच्या करवी बीटी कापूस घडला, आणि २००२ पासून बीटी कापूस विदर्भाच्या काळ्या मातीत उभा आहे.

आता सप्टेंबरचं उत्तर देता येतं. या जिवाणूला आत शिरायला जखम लागते. कापलेल्या मुळातून पाझरणारी रसायनंच त्याला बोलावणं धाडतात, हे १९८५ मध्ये सिद्ध झालं. कुंडी बदलताना आपण मुळं छाटतो, म्हणजे शेकडो जखमा एकदम करतो. वसंतात छाटली तर त्यापुढचे आठवडे माती तापत जाते, झाडाच्या पेशी जोमाने विभागत असतात आणि जिवाणूही तरतरीत असतो. शरदात माती रोज थोडी निवत जाते. झाडात जखमा भरण्याइतकी धग उरते, जिवाणू मात्र मंदावतो. चोजुबाईला हा काळ मानवतोही. नवी मुळं लवकर धरून ती थंडी सरायच्या आत कळ्या काढते.

ताई, सप्टेंबरअखेर कुंडी उपसाल तेव्हा कात्री आधी स्पिरिटने पुसून घ्या, किंवा ज्योतीवर धरा. माती झटकून मुळांचा गळा बोटाने चाचपून बघा. जखम भरल्याचा उंचवटा गुळगुळीत आणि सालीने झाकलेला असतो. गाठ मात्र खडबडीत आणि ठिसूळ लागते. अशी गाठ एकाही रोपाला लागली, तर ते रोप बेटात ओवू नका. पाच होती, तीन उरली तरी बेट होतं. जपानी माळी बेटासाठी विषम आकडाच धरतात.