वाहक की रुग्ण?

म्हैसूर जिल्ह्यातलं सरगूर हे कबिनीच्या खोऱ्यातलं गाव. नागरहोळे-बंडीपूरची जंगलं जवळच, आणि त्यांच्या कडेने जेनु कुरुबा, काडु कुरुबा, यरवा या आदिवासींच्या वस्त्या. म्हैसूरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी 1984 साली सुरू केलेल्या स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंटचं रुग्णालय इथे आहे. या पट्ट्यात सिकलसेल आढळतो. दक्षिण भारतात त्याची पहिली नोंद झाली तीही शेजारच्या निलगिरीत, 1952 साली. गडचिरोली-नंदुरबारच्या वाचकाला हा आजार नव्याने सांगायला नको: हातापायांत असह्य कळा, कावीळ, वरचेवर रक्त चढवणं.

शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी टेस्ट होते. नळीतलं द्रावण गढूळ झालं, मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. पण वाहक आणि रुग्ण, दोघांचीही नळी गढूळच होते! वाहकाला सहसा काही त्रास नसतो, औषधही लागत नाही. तरी त्याच्यावर रुग्णाचा शिक्का बसला तर ठरलेलं लग्न मोडायला तेवढं पुरतं. म्हणून पुढची एचपीएलसी तपासणी टाळून चालत नाही. त्यात कुठलं हिमोग्लोबिन किती टक्के, ते कळतं.

तिथेही अडतं तेव्हा जनुकतज्ज्ञाचं काम सुरू होतं. बीटा-ग्लोबिनचं जनुक 11व्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या सहाव्या कोडॉनमध्ये ‘ए’च्या जागी ‘टी’ आला की सिकल हिमोग्लोबिन तयार होतं. डीडीई-वन नावाचं एन्झाइम निरोगी जनुक नेमकं या जागी कापतं. सिकलचं जनुक तिथे अखंड राहतं. जेलवर पट्ट्या पाहून निकाल लावायचा.

आता खरी गंमत. एखाद्या मुलाच्या एचपीएलसीत नेहमीचं हिमोग्लोबिन जवळपास नाहीच, म्हणजे तो रुग्ण. जेलवर मात्र एक जनुक कापलेलं, एक अखंड, म्हणजे वाहक. खोटं कोण? कोणीच नाही. एका पालकाकडून सिकल आलं आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया, तर अस्संच दिसतं. मग आईवडिलांचं रक्त तपासायचं, जनुक आणखी वाचायचं.

गर्भाच्या तपासणीत तर जोखीम फारच मोठी. दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा कणभर तुकडा काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला चिकटलेली आईची ऊती वेचून काढावी लागते. ती राहिली तर गर्भाऐवजी आईचाच अहवाल निघू शकतो. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत हे निदान बरीच वर्षं होत आलं आहे.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. मोजणी मोठी आहे, पण समुपदेशन कच्चं राहिलं तर घरोघरी गैरसमजच पोहोचतील. दोघेही सिकलचे वाहक असतील तर दर गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. तेव्हा घरात कुणी वाहक निघालं तर घाबरू नका. जोडीदाराचं रक्त तपासून घ्या, आणि नुसतं सिकलसाठी नव्हे, थॅलेसेमियासाठीही.