विजेची गाडी आणि गावचे रोहित्र

एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर महामंडळाची 'शिवाई' ही विद्युत बस निघाली. अंतर तेच, रस्ताही बव्हंशी तोच. बदलले ते आगार. विद्युत बसच्या आगाराला उच्चदाब वीजजोडणी, स्वतंत्र रोहित्र आणि प्रभारण यंत्रे लागतात. मोठ्या बसच्या बॅटरीत साधारण अडीचशे ते तीनशे युनिट वीज साठते. ती थोड्या वेळात भरावयाची तर त्यामागे तितकीच सक्षम वाहिनी असावी लागते. वाहतुकीचा प्रश्न अशा रीतीने वीज वितरणाच्या अंगणात येऊन पोहोचला आहे.

राज्याच्या बहुतेक भागात हे अंगण महावितरणचे आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या २००५ मधील विभाजनातून ही कंपनी अस्तित्वात आली. कोकण, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर या प्रादेशिक कार्यालयांखाली परिमंडळे, मंडळे, विभाग, उपविभाग आणि शेवटी शाखा कार्यालय, अशी तिची रचना आहे. (मुंबईतील 'बेस्ट'ची गोष्ट निराळी. वीजपुरवठा आणि प्रवासी वाहतूक एकाच छत्राखाली पाहणाऱ्या या उपक्रमाच्या विजेच्या ट्राम १९०७ पासून १९६४ पर्यंत धावत होत्या. तेव्हा विजेवरील प्रवास महाराष्ट्राला अगदीच नवा नव्हे.)

आगारांची व्यवस्था नियोजनपूर्वक होते. जोडणीचा अर्ज येतो, भार ठरतो, वाहिनी टाकली जाते. खरी कसोटी आहे ती गावठाणात, कारण तेथे गाडी न सांगता येते. कोणी दुचाकी विकत घेतो आणि संध्याकाळी घरच्या प्लगला लावतो. शाखा अभियंत्याला त्याची वार्ताही नसते.

याचा हिशेब अवघड नाही. उपकेंद्रातून ११ केव्हीच्या वाहिनीने वीज गावापर्यंत येते आणि रोहित्रातून लघुदाबाने घरोघर जाते. गावात असलेले रोहित्र ६३ केव्हीएचे धरले, तर ते साधारण ५५ किलोवॅट भार पेलू शकते. विद्युत दुचाकी भरताना पाऊण किलोवॅटच्या आसपास वीज घेते. अशा वीस दुचाकी एकाच वेळी लागल्या तर पंधरा किलोवॅट. घरगुती प्लगवरील मोटार मात्र सव्वातीन किलोवॅटच्या घरात जाते. दहा मोटारी म्हणजे रोहित्राची निम्म्याहून अधिक शक्ती, आणि तीही सायंकाळी सात वाजता, जेव्हा दिवे, दूरदर्शन संच, पंखे आणि पाण्याच्या मोटारी चालू असतात. रोहित्र जळाले की गाव किती दिवस अंधारात राहते, हे पंचायत सदस्यांना कोणी सांगावयास नको. त्याच गाड्या रात्री अकरानंतर लावल्या तर तेच रोहित्र त्यांना सहज पुरे पडते.

त्याहून चांगली वेळ दिवसाची. राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबविली जात आहे. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून त्यांची वीज कृषी वाहिन्यांवर सोडावयाची, असे तिचे स्वरूप आहे. घरांच्या छपरांवरही सौर संच वाढत आहेत. परिणामी दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी ओढाताण, अशी स्थिती निर्माण होते. गाडी मात्र दुपारी घरी नसते. शिक्षकाची दुचाकी शाळेच्या आवारात उभी असते, ग्रामसेवकाची पंचायतीपुढे, व्यापाऱ्याची बाजारात. गाडी भरण्याची सोय घराआधी या ठिकाणी व्हावयास हवी. शाळेचा वा कार्यालयाचा मंजूर भार तेवढा नसेल, तर तो आधी वाढवून घ्यावा लागेल, हे ओघानेच आले.

केंद्र शासनाने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत केलेली दुरुस्ती याच दिशेची आहे. दिवसातील आठ सौर तासांचा दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असावा, असे तीत म्हटले आहे. मात्र केव्हा किती वीज वापरली हे नोंदविणारे मीटर असल्याखेरीज या सवलतीचा हिशेब होऊ शकत नाही.

विक्रीच्या दृष्टीनेही हा व्यवहार महावितरणला महत्त्वाचा आहे. उद्योगांकडून अधिक दर घेऊन शेतीचा दर खाली ठेवावयाचा, ही जुनी घडी. परंतु मोठे ग्राहक खुल्या बाजारातून किंवा स्वतःच्या सौर संचातून वीज घेऊ लागले की ती विसकटते. अशा वेळी नियमित देयक भरणारा वाहनधारक हा स्वागतार्ह ग्राहक होय. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१८ मध्ये प्रभारण केंद्रांसाठी स्वतंत्र वर्गवारी केली. त्याच वर्षी १३ एप्रिल रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की, वाहनाची बॅटरी भरून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे; त्यास परवाना लागत नाही. ग्रामपंचायत, सहकारी संस्था, पेट्रोल पंप वा धाबा, कोणालाही हे केंद्र त्यामुळे चालविता येते.

स्वतःची गाडी घरच्या मीटरवर भरल्यास घरगुती दर लागू होतो. येथे एक बाब ध्यानी घ्यावी. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. रोज तीसएक किलोमीटर धावणारी मोटार महिन्याला सव्वाशे ते दीडशे युनिट घेते. एरवी शंभर युनिटांत भागणारे घर तिच्यामुळे वरच्या टप्प्यात जाते. वाहनासाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क २०२४ च्या नियमदुरुस्तीने ग्राहकाला दिला आहे. त्याच दुरुस्तीनुसार नवी जोडणी महानगरात ३, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत मिळावयास हवी; डोंगराळ ग्रामीण भागासाठी ही मुदत ३० दिवसांची आहे. जोडणी येईपर्यंत खिडकीतून सोडलेल्या लांब वायरीवर गाडी भरण्याचा मोह टाळावा. १६ अँपिअरचा सॉकेट, योग्य जाडीची वायर आणि नीट केलेले अर्थिंग या तीन गोष्टी परवानाधारक वीज ठेकेदाराकडून तपासून घेतल्यावरच प्लग लावावा.